लूमच्या ऑफिसातला बंद पंखा : एका एसएमपीएसचं प्रकरण

तक्रार एका ओळीची होती. इचलकरंजीतल्या एका यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसातला कॉम्प्युटर सकाळी ठणठणीत चालतो, दुपारी दोन-अडीचला अचानक बंद पडतो आणि मग बराच वेळ काही केल्या सुरू होत नाही. एप्रिलचे दिवस. कॉम्प्युटरवर कामं तीन: टॅलीतला हिशेब, जीएसटीची बिलं आणि शेडमधल्या कॅमेऱ्यांचं चित्र. आय-फाइव्ह प्रोसेसर, छोटं ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉटचा, कार्यक्षमतेत '८० प्लस ब्राँझ' दर्जाचा एसएमपीएस आणि साधं कॅबिनेट. एसएमपीएस म्हणजे भिंतीवरची वीज कॉम्प्युटरला लागणाऱ्या कमी व्होल्टमध्ये बदलून देणारा डबा. तो कॅबिनेटच्या वरच्या भागात बसवलेला. त्याचा १२० मिलिमीटरचा पंखा खाली तोंड करून आतली हवा ओढणारा आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकणारा.

माझ्याकडे येईपर्यंत त्याच्यावर बरेच उपचार झाले होते. विंडोज नव्याने टाकून झालं होतं. रॅम काढून खोडरबराने घासून झाली होती. आपल्याकडे कॉम्प्युटरला काहीही झालं तरी हा विधी होतोच. प्रोसेसरवरची पेस्ट बदलली होती, यूपीएसला नवी बॅटरी बसली होती. यातला एकही उपाय वेडगळ नाही. अशा तक्रारीत या चारही गोष्टी कधी ना कधी दोषी निघतात. पण एकेक सुटा भाग बदलत जायचं आणि काय होतंय ते बघायचं, यात पैसे गिऱ्हाईकाचे जातात आणि दोष तिथल्या तिथे राहतो.

म्हणून आधी दिवाणजींना विचारलं, कॉम्प्युटर जातो तेव्हा स्क्रीनचं काय होतं?

"स्क्रीन चालूच राहते की. नो सिग्नल म्हणून पट्टी फिरत बसते."

या उत्तराने यूपीएस सुटला. मॉनिटर आणि कॅबिनेट दोन्ही त्याच यूपीएसवर होते. यूपीएसने दगा दिला असता तर दोन्ही एकदम गेले असते. नवी बॅटरी फुकट गेली म्हणायची. मग विंडोज आपल्या घडामोडी जिथे नोंदवून ठेवतं त्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये पाहिलं. प्रत्येक दुपारी 'कर्नल-पॉवर ४१', म्हणजे कॉम्प्युटर नीट बंद न होता गेल्याची नोंद होती आणि तिच्या तपशिलात बगचेक कोड शून्य. निळा पडदा येऊन विंडोज कोसळलं असतं तर तिथे सहसा काहीतरी आकडा सापडतो. शून्य आणि त्याआधी कसलीच कुरकुर नाही, याचा अर्थ बहुतेक वेळा विंडोजच्या पायाखालची वीजच काढून घेतली गेली. प्रोसेसरचं तापमान कामात ५५ अंशांच्या आसपास होतं, म्हणजे तो तापून बंद होत नव्हता.

दिवाणजींनी आणखी एक गोष्ट अनुभवाने शोधून ठेवली होती. कॉम्प्युटर गेल्यावर पुढचं बटण कितीही दाबा, काही होत नाही. भिंतीवरचा स्विच बंद करून चहा घेऊन आलं की चालू होतो. हे वागणं ओळखीचं आहे. बऱ्या दर्जाच्या एसएमपीएसमध्ये अति तापल्यावर स्वतःला बंद करणारं संरक्षण असतं. ते एकदा लागलं की आतलं सर्किट तिथेच अडकून राहतं. मुख्य वीज काढून आतला साठा उतरल्याशिवाय आणि भाग थोडे निवल्याशिवाय ते सुटत नाही. शॉर्ट झाल्यावर किंवा लोड जास्त झाल्यावरही एसएमपीएस असाच अडकून बसतो. पण मग त्याला दुपारची वेळ कशाला लागेल?

एसएमपीएसच्या मागच्या जाळीवर हात ठेवला, तर चटका बसला. हवा मात्र जाणवत नव्हती. हाताचा भरवसा नको म्हणून बाहेरून सुताचा एक धागा आणला. त्या ऑफिसात दुसरं काही मिळो न मिळो, सूत मिळतंच. धागा जाळीसमोर धरला. चालत्या एसएमपीएसमागे तो बाहेरच्या बाजूला उडत राहायला हवा होता. तो सरळ खाली लोंबत राहिला. कॅबिनेटचा पत्रा काढून मोबाइलचा टॉर्च खालून वर मारला, तेव्हा पंख्याची सातही पाती स्वच्छ मोजता आली.

फिरायला हवा होता का?

इथे मालकांचा पुतण्या मध्ये बोलला. तो पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, "काका, नवीन एसएमपीएसचा फॅन लोड आल्याशिवाय फिरतच नाही. तो बंद असणं नॉर्मल आहे."

त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. गेल्या काही वर्षांत अशा एसएमपीएसची चलती आहे. लोड कमी आणि आतलं तापमान कमी असेपर्यंत पंखा थांबलेला ठेवायचा, म्हणजे आवाज नाही आणि धूळही कमी. काहींना मागे त्यासाठी छोटा स्विचही असतो. असा एसएमपीएस नवा घेतलेले लोक पहिल्याच दिवशी घाबरून दुकानात परत घेऊन येतात, हे मी पाहिलंय. त्यामुळे पंखा थांबलेला दिसला की पहिला प्रश्न 'का थांबला' हा नसतो. त्याने या घडीला फिरायला हवं होतं का, ते आधी बघायचं.

या एसएमपीएसवर तसा स्विच नव्हता. लेबलवरून मॉडेल शोधून माहितीपत्रक पाहिलं, त्यात पंखा तापमानानुसार कमी-जास्त फिरतो असं होतं. पूर्ण थांबण्याचा उल्लेख नव्हता. आणि समजा असता, तरी जाळीला हात लावला की चटका बसतोय अशा वेळी त्या जातीचा पंखाही कामाला लागलेला असतो. पुतण्याला मी एवढंच सांगितलं की तुझा नियम बरोबर आहे, पण हा एसएमपीएस त्या नियमातला नाही.

बायोसमध्ये प्रोसेसरच्या पंख्याचे फेरे दिसतात, तसे एसएमपीएसच्या पंख्याचे का दिसत नाहीत, असंही त्याने विचारलं. प्रश्न चांगला आहे. या पंख्याला बहुधा दोनच वायरी असतात, एक लाल आणि एक काळी, आणि त्या एसएमपीएसच्या आतच संपतात. फेरे मोजणारी तिसरी वायर मदरबोर्डपर्यंत आणलेले एसएमपीएस थोडे. म्हणजे हा पंखा मेला तर कॉम्प्युटरला पत्ता लागत नाही. कुठे लाल दिवा लागत नाही की स्क्रीनवर सूचना येत नाही.

मग कळतं कसं? आवाजावरून. घरातल्या कॉम्प्युटरचा पंखा मरण्याआधी महिना-दोन महिने कुरकुरतो. सकाळी सुरू करताना घरघरतो, टेबलावर थाप मारली की गप्प होतो. घरातलं कोणीतरी वैतागून दुरुस्तीला आणतं. मी दिवाणजींना विचारलं की असा काही आवाज यायचा का. ते हसायलाच लागले.

"आवाज? इथं तुमचा आवाज ऐकायला मला कान पुढं करावा लागतोय!"

ऑफिस आणि लूमची शेड यांच्या मधे एक पार्टिशन आणि सतत उघडबंद होणारा दरवाजा. पलीकडे माग खडखडत असताना एसएमपीएसचा पंखा गाऊ लागला असता तरी कोणाच्या कानावर पडलं नसतं. या प्रकरणात बाकी सगळं कुठेही घडू शकतं, पण पंखा पूर्ण अडकेपर्यंत कोणाच्याच लक्षात आलं नाही ते या जागेमुळे.

बाकावर

एसएमपीएस काढून दुकानात आणला. मुख्य २४ पिनच्या जोडणीतली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरीला तारेच्या तुकड्याने जोडली की एसएमपीएस मदरबोर्डशिवाय सुरू होतो. ही चाचणी सगळे करतात. पण नुसत्या मोकळ्या एसएमपीएसवर घेतलेले आकडे फारसं सांगत नाहीत, काही एसएमपीएस तर लोडशिवाय नीट चालतही नाहीत. मी मोटरसायकलचे १२ व्होल्ट २१ वॉटचे बल्ब वापरतो. चार बल्ब समांतर जोडले की ८४ वॉट, म्हणजे १२ व्होल्टच्या पिवळ्या वायरीवर सात अँपिअर. हा लोड त्या कॉम्प्युटरच्या रोजच्या कामाच्या बराच जवळ जातो, आणि बल्ब कोणत्याही ऑटो स्पेअरच्या दुकानात मिळतात.

मल्टीमीटरवर १२ व्होल्टच्या जागी ११.९४ आले, पाचच्या जागी ५.०५, आणि ३.३ च्या जागी ३.३१. जांभळ्या वायरीवरचे स्टँडबायचे, म्हणजे कॉम्प्युटर बंद असतानाही मिळणारे, पाच व्होल्ट ५.०२. या चौघांना पाच टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे १२ व्होल्ट ११.४ ते १२.६ मध्ये असले की पुरे. सगळं हद्दीत होतं. एसएमपीएस आपलं मुख्य काम चोख करत होता आणि त्याचा पंखा मात्र ढिम्म होता.

पंखा फिरत नाही म्हणून माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक तक्रारींत एसएमपीएस सुरूच झालेला नसतो. त्यात पंख्याचा काही संबंध नसतो. तिथे जांभळ्या वायरीपासून सुरुवात करायची, मग हिरवी, मग करड्या वायरीवरचा 'पॉवर गुड'चा, म्हणजे व्होल्ट ठीक आहेत असं मदरबोर्डला सांगणारा इशारा. ते प्रकरण वेगळं.

पंखा बंद असताना चारही बल्ब लावून एसएमपीएस चालू ठेवला आणि जाळीच्या आतल्या तोंडाशी मीटरची तापमान मोजायची वायर लावली. खोलीत ३६ अंश होते. पाऊण तासाने जाळीशी ७८ अंश झाले आणि बल्ब एकदम विझले. हिरव्या वायरीची जोडणी काढली, परत लावली, काही नाही. भिंतीवरचा स्विच बंद करून थांबलो, तेव्हा सुरू झाला. दिवाणजींनी सांगितलेलं सगळं टेबलावर जसंच्या तसं घडलं. दोष डोळ्यांसमोर घडवून पाहिल्याशिवाय दुरुस्तीला हात घालू नये असं माझं मत आहे, कारण नाहीतर नंतर तो गेला की नुसता लपला ते कळत नाही.

आता पंखाच का फिरत नाही, याची दोनच उत्तरं असू शकतात. एक तर त्याला वीज मिळत नाही, किंवा मिळूनही त्याला फिरता येत नाही. प्लग काढून बांबूची बारीक काडी जाळीतून घातली आणि पातं हळूच ढकललं. धातूचं काहीही घालायचं नाही आणि वायर लावलेली असताना तर काडीही नाही. 'चालू करून काडीने धक्का द्या' असा सल्ला सर्रास दिला जातो, तो मी देणार नाही. चांगला पंखा एका टिचकीत तीन-चार फेरे घेतो. आतल्या चुंबकामुळे फेऱ्यात काही ठरावीक ठिकाणी हलकासा अडखळतो, ते ठीक आहे. हा पंखा काडी जितकी सरकली तितकाच सरकला, आणि सोडल्यावर तिथेच राहिला.

उघडण्याआधी

एसएमपीएसचं झाकण उघडणं हे काम ज्याला आत काय आहे ते माहीत आहे त्यानेच करावं. २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर सरळ होऊन ३२५ व्होल्टच्या आसपास होते, आणि पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेल्या अशा एसएमपीएसमध्ये ती ३८० ते ३९० पर्यंत चढवली जाते. हा सगळा साठा एका जाडजूड कपॅसिटरमध्ये असतो. इथे तो ३३० मायक्रोफॅरडचा होता. ३९० व्होल्टला त्यात २५ ज्यूल मावतात, आणि वायर काढल्यावर ते लगेच उतरतीलच असं नाही. उतरवणारा रेझिस्टर असतो, पण तोच तुटलेला असू शकतो. गॅरंटी संपलेली होती, त्यामुळे स्टिकर फाडायची अडचण नव्हती. झाकण काढल्यावर कशालाही हात न लावता मीटर हजार व्होल्टच्या डीसी पट्टीवर ठेवून कपॅसिटरचे दोन पाय मोजले. १४ व्होल्ट होते आणि उतरत होते. जास्त असते तर मोठ्या वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीत धरून उतरवले असते. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणारे मिस्त्री मी पाहिलेत. त्याने कपॅसिटरही दुखावतो आणि डोळ्यालाही धोका.

आत कापूस होता. धूळ नव्हे, कापूस. भागांची उष्णता ओढून घेणाऱ्या हीटसिंकच्या दातांमध्ये करड्या रंगाची मऊ लादी बसली होती, चिमट्याने धरली की अखंड निघावी अशी. पंख्याच्या मधल्या बुंध्याभोवती तंतूंचं कडं तयार झालं होतं. यंत्रमागाच्या शेडमध्ये हवेत तंतू असतात हे ठीकच, पण इथे त्यात खळ मिसळलेली होती. सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला स्टार्च चढवतात, मागावर सुताला झटके बसले की तो पावडरीसारखा झडतो. पावसाळ्यात ओल धरतो, उन्हाळ्यात वाळतो. त्यामुळे हे तंतू ब्रशने झटकून जात नव्हते, जागोजाग चिकटून बसले होते.

पंखा सोडवून थेट १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर लावला. एक बारीक थरथर झाली आणि बस्स. बोटाने फिरवून दिला तर दोन फेरे घेऊन थांबला. म्हणजे फिरता येत नाही, हे उत्तर पक्कं झालं.

त्याचं पोटही उघडून पाहिलं. मागचं स्टिकर सोलायचं, खालचं रबरी झाकण काढायचं, दांड्याच्या टोकाची चिरलेली छोटी वॉशर टाचणीने सोडवायची, मग पाती चुंबकासकट बाहेर येतात. हा साध्या स्लीव्ह बेअरिंगचा पंखा होता: पितळी नळी, त्यात पोलादी दांडा, मधे तेलाचा थर. तेल उरलंच नव्हतं. दांड्यावर काळपट चिकट लेप होता आणि नळीच्या तोंडाशी कापसाचे तंतू घट्ट गुंडाळले गेले होते. उष्णतेने तेल घट्ट होतं हे नेहमीचंच, पण इथे त्या तंतूंनी दिव्याच्या वातीसारखं तेल बाहेर ओढून घेतलं होतं. बुंध्याभोवतीचं कडं हाताला तेलकट लागत होतं, त्यावरून मी हे म्हणतो.

असा पंखा साफ करून शिलाई मशीनचं तेल सोडलं की फिरायला लागतो. हाही फिरला, आणि पुतण्याने लगेच विचारलं की मग हाच का नाही बसवायचा. दांड्यावर घासल्याची रेघ पडली होती. तेल दिलेला असा पंखा एखादा उन्हाळा काढेल, न काढेल. एखाद्याला आज रात्रीच काम संपवायचं असेल तर मी तेल देतो आणि तसं सांगून देतो. खोबरेल तेल आणि गंज सोडवणारा स्प्रे मात्र नको: पहिलं पुढे चिकट होतं, दुसरा उरलंसुरलं तेलही धुऊन नेतो.

नवा पंखा, तोही बंद

दुकानात १२० मिलिमीटरचा, २५ मिलिमीटर जाडीचा एक दणकट बॉल बेअरिंगचा पंखा होता. अशा जागेला बॉल बेअरिंग बरं, ते बंदिस्त असतं आणि उष्णता जास्त सोसतं. मूळ पंख्याचा दोन पिनचा छोटा प्लग कापून त्याच्या वायरी नव्या पंख्याला डाग देऊन जोडल्या, वर हीट-श्रिंकची नळी चढवली, फेरे मोजणारी तिसरी पिवळी वायर टोक झाकून गुंडाळून ठेवली. झाकण लावलं, बल्ब लावले, सुरू केलं. पंखा हलला नाही.

इथे घाई केली तर माणूस सर्किटच खराब आहे असं ठरवून एसएमपीएस भंगारात टाकतो. पंख्याला मिळतंय किती ते मोजायला हवं, पण उघड्या एसएमपीएसमध्ये वीज चालू ठेवून मीटरच्या सुया घालायच्या नाहीत. वीज काढून, कपॅसिटर परत मोजून, पंख्याच्या जोडावर दोन लांब बारीक वायरी लावल्या, त्या वायरींच्या भोकातून बाहेर काढल्या, झाकण बंद केलं आणि मग मीटर बाहेर जोडला. सुरू करताच ४.६ व्होल्ट दिसले. दहा मिनिटांनी ५.३. वीस मिनिटांनी ६ च्या वर, आणि साडेसहाच्या जवळपास पंखा आपोआप फिरू लागला.

कंट्रोल सर्किट ठणठणीत होतं. हीटसिंकला चिकटवलेला एक थर्मिस्टर तापमान बघतो आणि त्याप्रमाणे पंख्याचे व्होल्ट वाढवतो. गार असताना साडेचारच्या आसपास, तापला की पुढे बाराकडे. मूळ पंखा साडेचारला सुरू होणारा निवडलेला होता. माझा दणकट पंखा जोरात फिरण्यासाठी बनवलेला, त्याला पहिला धक्का घ्यायलाच सहा-साडेसहा व्होल्ट लागत होते. पंख्यावर '१२ व्होल्ट' छापलेलं असतं, तो किती व्होल्टला सुरू होतो ते लेबलवर बहुधा नसतं, माहितीपत्रकात असतं. पंखा बदलूनही फिरत नाही अशी तक्रार असली तर मी आता हेच आधी बघतो.

थर्मिस्टरही तपासून घेतला. तो सुटा करून मोजला तर ३६ अंशांच्या खोलीत सव्वासहा हजार ओहम, आणि बोटांत धरला की उतरत होता. दहा हजार ओहमच्या थर्मिस्टरला हे शोभतं, कारण तो आकडा २५ अंशांचा असतो आणि तापेल तसे ओहम उतरतात. त्याची वायर तुटली असती तर सर्किटला सगळं कायम गार वाटलं असतं आणि पंखा कायम मंद राहिला असता.

आता दोन वाटा होत्या. एक, पंखा कंट्रोलवरून काढून थेट एसएमपीएसच्या पिवळ्या-काळ्या वायरीवर, पूर्ण १२ व्होल्टवर लावायचा. आवाज होतो, पण त्या ऑफिसात आवाजाचं कोणाला सोयरसुतक? बरेच मिस्त्री हेच करतात, आणि धूळ नसलेल्या जागी मीही केलं असतं. इथे ते पटलं नाही. पंखा जितका जोरात, तितका कापूस जास्त आत. ज्या हवेत तंतू उडताहेत तिथे गरजेपुरतीच हवा ओढलेली बरी. म्हणून दुसरी वाट: चार व्होल्टला सुरू होणारा, दोन बॉल बेअरिंगचा, मध्यम वेगाचा पंखा मागवला. तो यायला थोडा वेळ गेला, तोवर कारखान्यात एक जुना एसएमपीएस लावून दिला.

बसवताना मूळ पंख्याच्या एका बाजूला चिकटवलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा नव्या पंख्यावर तसाच लावला. तो पॅकिंगचा राहून गेलेला कागद वाटतो, बरेच जण काढून फेकतात. जाळीच्या जवळची हवा लगेच बाहेर पळू नये, लांबच्या हीटसिंकवरून फिरून जावी, म्हणून तो असतो. कपॅसिटर फुगलेले नव्हते, बुडाशी गळती नव्हती. छोट्या ऑसिलोस्कोपवर १२ व्होल्टमधला तरंग, म्हणजे बारीक चढउतार, ७० मिलिव्होल्ट आला. १२० पर्यंत चालतो. कपॅसिटरचं तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ हिशेब आहे, त्यामुळे या एसएमपीएसने उन्हाळ्यात भाजून घेतलेले दिवस त्याच्या आयुष्यातून वजा झालेच असणार.

तरीही नवा एसएमपीएस घ्या असं मी मालकांना सांगितलं नाही. एरवी मी सांगतो. पंख्याचे तीन-चारशे आणि मजुरी घालण्यापेक्षा तीनेक हजारांचा नवा घेतलेला परवडतो, विशेषतः बिनब्रँडच्या हलक्या एसएमपीएसच्या बाबतीत. तसल्याचा पंखा बदलणं म्हणजे पैसे वाया. हा एसएमपीएस मुळात चांगला होता. आणि दुकानातला त्याच किमतीचा नवा एसएमपीएस बहुधा तसाच स्लीव्ह बेअरिंगचा पंखा घेऊन आला असता आणि त्याच टेबलाखाली बसला असता.

तोच चार बल्बांचा लोड लावून नवा पंखा दोन तास चालवला. जाळीशी ४३ अंशांवर स्थिर राहिला. धागा उडत होता.

टेबलाखालची जागा

कॅबिनेट जमिनीवर, शेडच्या दरवाजाला लागून होतं. दरवाजा उघडला की खालून येणारा झोत सरळ त्याच्या पुढच्या जाळीवर. ते उचलून समोरच्या भिंतीला, कमरेच्या उंचीच्या फळीवर ठेवलं. मागे वीतभर जागा सोडली. पुढच्या जाळीला बारीक नायलॉनची जाळी लावली, जी हाताने काढून झटकता येते. एसएमपीएसच्या पंख्यावर मात्र कसलीही गाळणी लावली नाही; ती इथे आठवड्यात गच्च होईल आणि पंखा फिरूनही हवा मिळणार नाही.

दिवाणजींनी स्वतःहून मागच्या जाळीला रंगीत सुताचा एक तुकडा बांधून ठेवला. सकाळी खुर्चीत बसताना तो उडतोय का एवढं बघायचं. कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मला तो जास्त आवडला.

मागांची साफसफाई कॉम्प्रेसरच्या हवेने होते, त्या वेळी ऑफिसचा दरवाजा बंद ठेवायचा असं ठरलं. ती हवा कॅबिनेटवर मारायचा मोह मात्र आवरा, असंही सांगावं लागलं. कारखान्याच्या कॉम्प्रेसरमध्ये पाणी साठलेलं असतं, आणि पंखा न धरता झोत मारला तर तो त्याच्या वेगमर्यादेपलीकडे फिरून बेअरिंग खातो. मारायचाच तर प्लग काढून, पाती बोटाने धरून, लांबून.

कॅबिनेट हलवताना दिवाणजी म्हणाले, "याला हात लावला की झिणझिण्या येतात, ते पण फॅनमुळंच काय?" ते फॅनमुळे नव्हतं. त्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. अर्थिंग नसलं की एसएमपीएसमधल्या, विजेतला गोंगाट गाळणाऱ्या कपॅसिटरांमुळे पत्र्यावर ११५ व्होल्टच्या आसपास दिसतात. करंट नगण्य असतो, पण झिणझिण्या येतात. वायरमन बोलावून ते त्याच दिवशी करून घेतलं.

जून लागेपर्यंत दुपारचं बंद पडणं परत झालं नाही, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ ची नोंदही नाही. फोल्डिंग खात्यातलं दुसरं मशीन मग मालकांनी पाठवलं. त्याचा पंखा अजून फिरत होता, पण कडं जमायला लागलं होतं. त्यालाही तसाच दोन बॉल बेअरिंगचा नवा पंखा घातला. दोन्हींच्या बिलावर मी एक ओळ लिहून दिली आहे: पुढच्या वेळी पंखा गेला तर पंखा बदलू नये, एसएमपीएस नवा घ्यावा, तोवर आतल्या कपॅसिटरांचं वय झालेलं असेल.